अठरा फूट

माझ्याकडे त्या दिवसाची अकरा तिकिटं आहेत.
सगळी अर्धी.
रविवार, बारा ऑगस्ट, एकावन्न,
केटल फोर्ड ग्लासमेकर्स, उजवीकडची बाकं, साठ सेंट.
कडेची गुलाबी पट्टी आता जुन्या दाढेच्या रंगाची झालीय.

माझ्या बापाने फाडलेली. हे मी शपथेवर सांगेन.
काचकारखान्यात त्याची तर्जनी गेली होती,
म्हणून तो अंगठा आणि मधल्या बोटात धरून फाडायचा,
आणि प्रत्येक फाट शेवटी जराशी खाली घसरायची.
विकणारे म्हणतात, कड बिघडलीय, दोन डॉलर कमी द्या.
मी म्हणते, बरं.

आत दोन हजार नऊशे माणसं होती.
त्यांनी लॉनी ट्रॅस्कचा चेंडू जाताना पाहिला.
येताना पाहिला तो एकट्या यान्को हुदाकने,
भिंतीबाहेरच्या फाटकावर, सातव्या डावात,
जेव्हा नवं कुणी येत नाही आणि अजून कुणी निघत नाही,
सँडविचचा कागद उलगडता उलगडता.
आधी आवाज आला, म्हणायचा.
सुकं लाकूड कुऱ्हाडीला एकदाच ‘हो’ म्हणतं, तसा.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग टायरवाल्या ब्रेनरच्या पन्हळीत
टण्.

मॅनेजर धावत आला, मागून वार्ताहर.
मोजपट्टी कुणाकडेच नव्हती.
‘तू चाल, यान्को.’
भिंतीपासून बहात्तर पावलं.
वार्ताहराने पावलाला तीन फूट धरले,
भिंतीपर्यंतचे तीनशे चाळीस मिळवले,
आणि सोमवारी पाचशे छप्पन्न छापून आले,
लीगमधला सगळ्यांत लांब होमरन.
पितळी पाटी अजून आहे. भिंत नाही, ब्रेनरही नाही.

पण बापाचा उजवा पाय
इटलीतल्या लढाईतून आखूड होऊन परतला होता.
मी चौदाची असताना, दारातला बर्फ उपसून झाल्यावर,
आम्ही दोघांनी त्याचं पाऊल मोजलं:
पावणेतीन फूट. तेही दुखत नसेल त्या दिवशी.
बहात्तर वेळा पाव फूट.
हिशेब त्याने बुटाच्या टोकाने बर्फात लिहिला
आणि बुटानेच पुसला.
‘लॉनीला कळता कामा नये.’
लॉनी तेव्हा टोलेडोत पावाची गाडी चालवत होता.
वरच्या लीगने त्याला कधी बोलावलंच नाही.

गेल्या मार्चमध्ये कोलंबसच्या प्रदर्शनात बारावं दिसलं.
अख्खं. प्लास्टिकच्या पेटीत, दहापैकी नऊ गुण,
सातशे डॉलर.
विकणारा पोरगा समजूत घालू लागला:
न फाटलेलं दुर्मीळ असतं, आजी.
म्हणजे जो आलाच नाही त्याचे सातशे,
आणि जे आले, उन्हात भाजले,
शर्टावर मोहरी सांडून उभे राहून ओरडले,
त्यांचे तेरा-तेरा.
मला हसू आलं. मग गेलं.
कुणाचं असेल? पोर तापलं असेल,
रात्रपाळी गळ्यात पडली असेल,
किंवा बायको नुसतं म्हणाली असेल, आज नको.
माझ्या अंगठ्याने मधलं बोट कधी गाठलं कळलं नाही.
बरं झालं, मध्ये प्लास्टिक होतं.

घेतलं नाही.
घरी येऊन अकराही टेबलावर मांडली,
फाटेशी फाट.
उरलेले अर्धे त्याच्या लाकडी पेटीत पडायचे,
सोमवारी बॉयलरमध्ये जायचे,
त्याच आगीवर तो हात शेकायचा.

आता कुठे कुठे यंत्रं उडतानाच अंतर सांगतात,
चेंडू खाली यायच्या आत.
सांगू देत.
पाचशे अडतीस फुटांवर लॉनीचा चेंडू पडला.
तिथून पुढे पाटीपर्यंत
माझा बाप चालत गेला,
एका बाजूला किंचित झुकत.